कादंबरीतले भाडोत्री गुंड

माझ्या नवऱ्याला कुणी मारलं हे मला एका कादंबरीतून कळलं. तोपर्यंत माझी अशी समजूत होती की तो मेला तेव्हा मी तिथेच उभी होते.

कादंबरी सिंहली भाषेतली आहे. लिहिणाऱ्याचं नाव कॉम्रेड पियतिलक. बारा वर्षांपूर्वी कोलंबोत तिला मोठं बक्षीस मिळालं, पण आमच्या कुरुविमलै चहामळ्यावर त्याची कुणाला खबर नव्हती. आमच्याकडे डोंगर चढून येणारा सिंहली कागद म्हणजे एक तर पोलिसाचा, नाही तर मतं मागणाऱ्याचा. आता त्या कादंबरीचं तमिळ करायचं ठरलं आणि ते काम माझ्या नातीकडे आलं. नवमणी तिचं नाव. खालच्या बाजारातल्या शाळेत ती सिंहली शिकवते. सिंहली लोकांच्या पोरांनासुद्धा तीच शिकवते. हे मी बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगते, त्याने विचारलं नसलं तरी.

शाळेतून आली की ती चुलीशेजारी स्टूल ओढून बसायची, मी रोट्या थापायची, आणि ती एकेक पान मला आपल्या भाषेत सांगायची. तिला विचारायचं असायचं की मळ्यावर अमक्याला काय म्हणतात, तमक्याला काय म्हणतात. मी दोन यत्ता शिकले. तिसरीच्या वर्षी पाठीला चहाची टोपली आली. पण ऐकायला यत्ता लागत नाहीत.

कॉम्रेडला मी ओळखत होते. सिंहली-तमिळ दंगलीच्या आदल्या वर्षी संपासाठी तो आमच्या लाइनीत, म्हणजे मळ्यावरच्या खोल्यांच्या रांगेत, येऊन चाळीस दिवस राहिला होता. तेव्हा त्याला दाढी होती. माझ्या हातचं जेवायचा, तिखट लागलं की डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "हे कष्टकऱ्यांचं अन्न." कष्टकऱ्यांचं कसलं, कोंबडी होती. पाहुणा म्हणून कापली होती.

कादंबरीत मी आहे. तिथे माझं नाव वळ्ळी ठेवलंय, ते चालेल. वयही दहा वर्षांनी कमी केलंय, तेही चालेल. पण मला राहायला दिलंय खालच्या लाइनीत.

"असं कसं?" मी नवमणीला म्हटलं. "आपण वरच्या लाइनीतले. तुझा आजा कंगाणी होता. चाळीस माणसांवर मुकादम. डोक्याला फेटा, हातात छत्री."

"कादंबरीत आजोबांच्या हातात फावडं आहे, अप्पायी."

"कुणी दिलं?"

"कॉम्रेडनी. मुकादम म्हणजे मालकाच्या बाजूचा माणूस होतो ना. नायक मजूरच लागतो."

"मग दुसऱ्या कुणाला तरी नायक करायचं. माझ्या नवऱ्याचा फेटा कशाला काढला?"

खालच्या लाइनीत कोण राहतं ते कॉम्रेडला चांगलं ठाऊक होतं. ढोल वाजवणारे, मेलेली गुरं ओढणारे. ते पाण्याला आले की आम्ही वरून ओतायचो, त्यांनी ओंजळ धरायची. पद्धतच होती. चाळीस दिवसांत त्याने ते चाळीस वेळा पाहिलं असेल. पण लिहिलं नाही. कादंबरीत सगळ्या बाया एकाच नळावर पाणी भरतात आणि गाणं म्हणतात. तेव्हा मळ्यावर नळच नव्हता.

मग आला अर्ध्या नावाचा भाग. कादंबरीचं नावही तेच आहे, 'अर्धं नाव'.

यातली गंमत मळ्याबाहेरच्याला सांगावी लागते. आमच्याकडे दिवसाच्या हजेरीला 'नाव' म्हणतात. ठरलेल्या वजनाची पानं खुडली तर नाव पडलं. वजन कमी भरलं तर अर्धं नाव. "आज पडलं का गं नाव?" असं बाया वजनकाट्यावरून परतताना एकमेकींना विचारतात. त्या दिवसांत मी कधीतरी कॉम्रेडला म्हणाले असेन की काल पाऊस होता, माझं अर्धंच नाव पडलं. त्याने खिशातून वही काढली, लिहून घेतलं, आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, मिरची.

त्याला वाटलं की मळेवाले आमची नावं अर्ध्यावर तोडतात. हजेरीवहीत आमच्या आळशी कारकुनाने माझ्या 'मरुदाई'चं 'मरु' केलेलं त्याने पाहिलं होतं. तेवढा पुरावा त्याला पुरला. मग त्याने त्याच्यावर अख्खं पुस्तक उभं केलं. वळ्ळी अर्ध्या नावासाठी रडते. संप अर्ध्या नावासाठी होतो. शेवटी वळ्ळी डोंगराच्या टोकावर जाऊन आपलं पूर्ण नाव सात वेळा ओरडते. बक्षीस देणाऱ्यांनी त्या पानाचं फार कौतुक केलं म्हणे. सिंहली वाचणाऱ्याला काय कळणार? पण तमिळमध्ये छापलं असतं तर आमच्या मळ्यावरची शेंबडी पोरंही हसून लोळली असती. नवमणी तर लोळलीच. त्या दिवशी दोन रोट्या करपल्या.

"आता काय करू गं?" हसू आवरून ती म्हणाली. "माझ्या नावावर छापून येणारं हे पहिलं पुस्तक. लोक म्हणतील, हिला आपली भाषाही येत नाही."

"त्यालाच विचार," मी म्हटलं. तिने कॉम्रेडला फोन केला. आधी त्याने कोणतं पान ते विचारलं. मग म्हणाला, मीच येतो.

तो यायच्या आधी आगीचं प्रकरण आलं. तिथे नवमणी वाचता वाचता थांबली, कारण मी थापायची थांबले होते.

कादंबरीत लाइन जाळायला ट्रक भरून गुंड येतात. मळ्याच्या मालकाने शहरातून भाड्याने आणलेले. त्यांच्या म्होरक्याच्या गालावर वण आहे आणि तो विलायती सिगरेट ओढतो. आग लागल्याचं पाहून खालच्या गावातले सिंहली शेतकरी बादल्या घेऊन धावत वर येतात. वळ्ळीचा नवरा एका शेतकऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. मरताना सव्वा पान बोलतो.

"किती बोलतो?"

"सव्वा पान, अप्पायी."

"सेंगोडन? अकरा वर्षं संसार केला मी त्याच्याबरोबर. सगळं मिळून सव्वा पान बोलला नसेल."

ती हसली नाही. मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि तिला सांगितलं ते असं. मालक कुठला? मळा सरकारजमा होऊन दोन वर्षं झाली होती, मालक आपल्या स्कॉटलंडला जाऊन बसला होता. ट्रक कुठला? आमच्या वळणावर तेव्हा बैलगाडी फिरत नव्हती. गावचे लोक धावत वर आले, हे मात्र खरं आहे. त्यांच्या हातात बादल्या होत्या, तेही खरं आहे. बादल्यांत रॉकेल होतं.

"सगळ्यांच्या पुढे उक्कुबंडा होता," मी म्हटलं. "भाजीवाला. दर गुरुवारी फणस आणि मिरच्या घेऊन लाइनीवर यायचा. मला 'अक्के' म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. त्या दिवशीही म्हणाला, 'अक्के, बाजूला हो.' मी झाले. मग त्याने तुझ्या आजाच्या डोक्यात बांबू घातला."

"हे तू कुणाला सांगितलं होतंस?"

"पोलिसाला सांगितलं. तो म्हणाला, अंधारात चेहरे नीट दिसत नाहीत. मी म्हटलं, दुपारचे दोन वाजले होते. तो म्हणाला, मग धूर असेल."

"आणि कॉम्रेडना?"

"महिन्याभराने आला होता दुःख करायला. त्याच्या वहीत आहे सगळं. माझ्यासमोर लिहून घेतलं त्याने."

कॉम्रेड आला तो शनिवारी, सकाळच्या बसने. दाढी गेली होती, काठी आली होती. मी त्याला चहा दिला. साखर चमच्याने ढवळून दिली. आमच्याकडे घरच्या माणसाला साखर तळहातावर देतात, त्याने चाटायची आणि कोरा चहा प्यायचा. ढवळून दिलेला चहा पाहून त्याला काय समजायचं ते तो समजला.

"मरुदाईअम्मा, चूक झाली," तो म्हणाला. "बोलीतला शब्द, माणूस फसतो. नवमणी, तू तमिळमध्ये सगळं सावरून घे. पुस्तकाचं नाव बदल, ते डोंगरावरचं ओरडणं काढून टाक. मी लेखी परवानगी देतो. फक्त वर्तमानपत्रात कुठे जायला नको."

"बदलायचंच आहे तर आगही बदला," मी म्हटलं.

"आग?"

"आग कुणी लावली ते."

त्याने कप खाली ठेवला. सभेत बोलायच्या आधी करायचा तसा घसा साफ केला. "अम्मा, त्यामागे एक विचार आहे. गावचा शेतकरी गरीब, मळ्यावरचा मजूर गरीब. दोघांचा शत्रू एकच. गरीब माणूस गरिबाचं घर आपणहून जाळत नाही. कुणीतरी त्याला जाळायला लावतं."

"लावत असेल. काडी कुणी ओढली?"

"उक्कुबंडा हे निमित्त झालं. खरी गुन्हेगार भांडवलशाही आहे."

"ती मला अक्के म्हणत नव्हती."

नवमणीने तोंड फिरवलं. बहुतेक हसत होती.

"तुमच्या पुस्तकात सातशे माणसं असतील, कॉम्रेड," मी म्हटलं. "मी पोरीला विचारून घेतलं. त्यात गावचा एकही सिंहली माणूस वाईट वागत नाही. वाईट तेवढे गोरे, नाही तर शहरातले, नाही तर त्यांचे गुंड. इतकी चांगली माणसं शेजारी असताना आमची लाइन जळली कशी, याचंच मला नवल वाटतं."

त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी लिहितो ते माझे लोक वाचतात," तो म्हणाला. "त्यांना सांगितलं असतं की हे तुम्ही केलंत, तर त्यांनी पुस्तक मिटलं असतं. गुंडांनी केलं म्हटल्यावर ते रडले तरी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"हे एवढंच मला ऐकायचं होतं," असं मी म्हणणार होते. पण म्हटलं नाही, कारण एवढंच ऐकायचं नव्हतं. ज्या पुस्तकात सेंगोडनचं मरण येणार ते आता आमच्या भाषेत छापलं जाणार होतं. मळ्यावरची पोरं ते शाळेत वाचणार. आणखी वीस वर्षांनी पाहिलेलं कुणी उरणार नाही, मग तो ट्रकच खरा ठरणार.

"उक्कुबंडाचं नाव घालू नका, खटला होईल," मी म्हटलं. "नुसतं 'खालच्या गावचा भाजीवाला' म्हणा. गावात भाजीवाला एकच होता."

कॉम्रेडने मान डोलावली. मग खिशातून वही काढली. तीच सवय. "ठीक आहे," म्हणाला. "पण बदलायचं तर नीट बदलू. पहिल्यापासून सांगा. लाइन पेटली तेव्हा बाकीचे कुठे पळाले?"

"ओढ्यात."

"कोणत्या वाटेने?"

"खालच्या लाइनीतून."

"मग सेंगोडन का नाही गेला?"

या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझ्या मुलानेही नाही, आणि तो तर त्याच वाटेने गेला होता. लोकांना मी सांगत आले होते की सेंगोडनचा गुडघा दुखायचा. पोलिसालाही तेच सांगितलं होतं, युनियनलाही. गुडघा त्याचा चांगला होता. चाळीस माणसांच्या मागे दिवसभर डोंगर चढायचा.

"चहा निवतोय," मी म्हटलं.

"निवू द्या," तो म्हणाला. म्हातारपणी त्याला प्रश्न विचारायची अक्कल आली होती.

"अप्पायी?" नवमणी म्हणाली.

मला गुडघा म्हणता आलं असतं. दोघांनीही लिहून घेतलं असतं. पण नुकतंच मी त्या माणसाला त्याचा ट्रक परत न्यायला लावला होता.

"लिही," मी नवमणीला म्हटलं. "तूच लिही, याच्या वहीत नको."

मी सांगितलं. लाइनीच्या खोल्यांना मागचं दार नसतं. पुढचं पेटलं की माणूस कोंडला. फक्त खालच्या लाइनीत शेवटच्या खोलीत, चिन्नपोण्णुच्या घरात, तिच्या नवऱ्याने डुकरांसाठी मागची भिंत फोडून भोक केलं होतं. तिथून वाकून गेलं की ओढा. चिन्नपोण्णु दारात उभी राहून हाका मारत होती, या, इकडून या. वरच्या लाइनीतली सगळी माणसं एकेक करून तिच्या घरात शिरली. माझा मुलगा शिरला. आठ वर्षांचा होता. मी मनात म्हटलं, याला नंतर डोक्यावरून आंघोळ घालू. सेंगोडन दाराशी थांबला, माझ्यासाठी. तो म्हणाला, चल. मी म्हटलं, मी कंगाणीची बायको, मी डुकराच्या भोकातून जाणार नाही. आपण रस्त्याने जाऊ. तो म्हणाला, चल गं. मी म्हटलं, नाही.

"किती वेळ उभ्या होतात?" कॉम्रेडने विचारलं.

"पान चघळून थुंकावं एवढा वेळ."

"मग?"

"मग वरची लाइन पेटवून गावचे लोक खाली आले, पुढे उक्कुबंडा. पुढचं सांगितलंय."

"आणि तुम्ही?"

"मी गेले डुकराच्या भोकातून. एकटी."

नवमणीची पेन्सिल थांबली होती. कॉम्रेडने वही मिटली. अगदी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलतात तसा बोलला, "अम्मा, हे छापायची काही गरज नाही. लोक वाटेल ते बोलतील. भाजीवाल्याचा दोष हलका झाल्यासारखा वाटेल."

"बांबू त्याच्याच हातात होता. तो हलका कसा होईल?"

"तरी पण. वाचणाऱ्याला नको ते सुचतं."

"वाचणाऱ्याला काय सुचेल म्हणूनच तुम्ही ट्रक आणला होतात ना?"

त्याने वही खिशात घातली. दुपारच्या बसने गेला. जाताना परवानगीच्या कागदावर सही करून गेला, सहीच्या वर कोरा सोडलेला कागद, आम्हाला हवं ते बदलायला. माझ्या पाया पडायला वाकत होता, मी पाय मागे घेतले. काठी घेऊन वाकणारा माणूस पडला असता तर आणखी पंचाईत.

नवमणी दोन दिवस चुलीशी वही घेऊन बसली नाही. रोट्या खायची, उठून जायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चिन्नपोण्णु जिवंत आहे. तिलाही विचारायला हवं."

"विचार की. मी सांगितलं त्यापेक्षा वेगळं काय सांगणार? दोनदा हाक मारली तिने. तेवढं घाल."

ती खालच्या लाइनीत गेली. तासभर बसली, चहा पिऊन आली. चहा पिऊन आल्याचं मला मुद्दाम सांगितलं.

"ती म्हणते, तीनदा," नवमणी म्हणाली.

"दोनदा. मी तिथे होते."

"ती म्हणते, दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा बाहेर येऊन तिने तुझा हात धरला, आत ओढायला. तू झटकलास. तिचं कोपर चौकटीवर आपटलं. अजून सरळ होत नाही, मला करून दाखवलं."

मी म्हटलं की तिचं वय झालंय, ऐंशीच्या पुढे माणूस काहीही बोलतं. मग चूल पुसायला घेतली. पुसून झाली. मग पुन्हा पुसली. हात धरल्याचं मला आठवत नव्हतं. झटकल्याचं आठवत होतं. इतकी वर्षं मला वाटत आलं होतं की तो सेंगोडनचा हात होता.

"लिही," मी म्हटलं.

"तिचं की तुझं?"

"तिचं. कोपर तिचं आहे."

तमिळ पुस्तक चैत्रात आलं. त्याचं नाव आता वेगळं आहे आणि नवमणीचं नाव आत पहिल्याच पानावर आहे. वरच्या लाइनीतल्या बाया काही दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. घरातली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून. सिंहली पुस्तकात अजून ट्रकच येतो. कॉम्रेडने कळवलंय की पुढच्या छपाईच्या वेळी प्रकाशकाशी बोलून बघतो. उक्कुबंडाला तमिळ वाचता येत नाही. त्याच्या नातवाला येतं, नवमणीच्या शाळेत आहे तो, पण त्याने पुस्तक वाचलंय की नाही ते मी विचारलेलं नाही.

एक प्रत चिन्नपोण्णुला द्यायची होती. नवमणी म्हणाली, मी देऊन येते. मी म्हटलं, राहू दे, आण इकडे. मी गेले तेव्हा ती दारात शेंगा सोलत बसली होती. तिला वाचता येत नाही. मी दोन यत्ता शिकलेली, म्हणून मीच तिला ते पान वाचून दाखवलं, बोट ठेवून, अडखळत. तिने सगळं ऐकून घेतलं.

"डावं कोपर," ती म्हणाली. "उजवं छापलंय."